रात्री जेवणानंतर गोड लागतंच, पण जड नको. घरी काय करता?

सातपूरकर:

मंडळी, नमस्कार. राहायला इंदिरानगर, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला, एकतीस वर्षं. तीन वर्षं झाली निवृत्त होऊन. सौ. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलीय, मुक्काम चार महिने. वरण-भात, दोन-तीन भाज्या, महाराष्ट्राच्या नकाशासारख्या का होईना पण पोळ्या, एवढं मला जमतं. उपाशी राहत नाही.

अडतं ते रात्री साडेआठनंतर. ताट उचललं की जीभ काहीतरी गोड मागते. ही आमची घराण्याची खोड. वडील गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय हात धुवायला उठत नसत. सौ. असताना वाटीत काहीतरी यायचं. ते कुठून येतं हा प्रश्न तीस वर्षांत कधी पडला नाही, हे इथे कबूल करतो.

होळीला शेजारच्या वहिनींनी चार पुरणपोळ्या दिल्या. दोन रात्रींत संपवल्या, वर तुपाची धार. दोन्ही रात्री एक वाजता गॅलरीत येरझाऱ्या. मग रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर गेलो (उडी मारायचं वय गेलं, काठावर उभा राहून भिजतो), परतताना पाव किलो जिलबी घेतली. पुन्हा येरझाऱ्या. तेव्हा ठरवलं, आता घरीच काहीतरी हलकं करायचं.

पहिल्यांदा नागलीची (म्हणजे नाचणीची) खीर. दूध उकळतंय, त्यात गूळ टाकला, दोन मिनिटांत दूध फाटलं. नागलीच्या रंगाचं पनीर तयार. दुसऱ्यांदा सौ.च्या डब्यात चायनाग्रासचं (दूध-रस वडीसारखं जमवायला घालतात ते) १० ग्रॅमचं पाकीट सापडलं. अर्ध्या लिटर दुधात सगळं उकळून वाट्या भरल्या. सकाळी वाटी उपडी केली तर वडी ओट्यावर पडून चक्क उसळली. कंपनीत मी रबराच्या बुशची हार्डनेस तपासायचो, हा माल पास केला असता. तिसऱ्यांदा मोबाइलवर बघून बिनसाखरेचा केक: कणीक, ओट्स, केळी, खजूर. त्याबद्दल एवढंच सांगतो की अर्धा केक गच्चीवर ठेवला तर कावळ्यानेही दोनदा चोच मारून नाद सोडला.

तर मला हवंय असं: एका माणसापुरतं, फार खटपट नको, वाटीभर खाल्लं की गोडाची हौस फिटावी आणि झोप लागावी. शुगर नाही, रिपोर्ट ठीक आहेत, त्यामुळे औषधी सल्ले नकोत. घरात वजनकाटा आहे. प्रमाण ग्रॅममध्ये दिलंत तर उपकार होतील. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.


माई पंचवटी:

भाऊ, तुमचं चुकतंय कुठे ते सांगते, रागावू नका. तुम्ही जड पदार्थाला हलकं करायला निघालात. दुधी हलव्यातलं तूप काढलं, खवा काढला, साखर काढली की खाली राहतो तो शिजलेला दुधी. तो खायचा तर भाजीच करावी, जिऱ्याची फोडणी देऊन. केकचंही तेच. जे मुळातच हलकं आहे तेच करायचं, मग त्यातून काही काढावं लागत नाही.

आमच्या सासूबाई रात्री गोड म्हणून दोनच गोष्टी द्यायच्या. एक शिकरण. केळं कुस्करायचं नाही, पातळ चकत्या करायच्या. माठातल्या पाण्यात भांडं ठेवून गार केलेलं दूध (आता फ्रिज आहे म्हणा), पाव चमचा साखर, वेलची, आणि मिठाचे चार कण. मीठ विसरू नका, त्याने केळ्याची गोडी वर येते. केलं की लगेच खायचं, ठेवलं की काळं पडतं आणि पाणी सुटतं. केळं चांगलं पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं घ्या. मग ती पाव चमचाही साखर लागत नाही.

दुसरं, दही टांगायचं. श्रीखंड नव्हे हं. श्रीखंडाला चक्का रात्रभर टांगतो आणि चक्क्याइतकीच साखर घालतो, म्हणजे वाटीत निम्मी साखरच असते. शिवाय दही म्हशीच्या दुधाचं. म्हणून तर दुपारी श्रीखंड-पुरी खाल्ली की माणूस चार वाजेपर्यंत उठत नाही. तुम्ही काय करा, गाईच्या दुधाचं दही लावा, आंबट होऊ देऊ नका. विरजण लावल्यावर पाच-सहा तासांत बघा, या दिवसांत तेवढ्यात लागतं. ते दही धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात बांधून तीनच तास नळाला टांगा. घट्ट गोळा होत नाही, चमच्यातून सावकाश घसरेल इतपत मऊ राहतं. त्यातली लहान वाटीभर घ्यायची, सपाट दोन चमचे पिठीसाखर, जायफळ किसून, वर फळ. चमचा म्हणजे चहाचा. आंबट दही असलं की जास्त साखर ओतावी लागते, म्हणून दही ताजं हवं. सगळी मेख तिथे आहे.

नागली सोडू नका. दुधात पीठ घातलंत ना? सत्त्व हवं. बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारात पेठ-हरसूलकडच्या बायका नागली घेऊन बसतात, अर्धा किलो आणा. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, पाणी घालून वाटा, पातळ फडक्यातून गाळा. गाळलेलं पाणी झाकून ठेवा, तासा-दोन तासांनी खाली गुलाबीसर साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून टाका, साका ताटात पसरून उन्हात वाळवा. आत्ता नाशकात ऊन आहेच, दोन दिवसांत खडखडीत वाळतं. मोठा चमचाभर सत्त्व आधी गार पाण्यात कालवायचं, मग गरम दुधात सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. पाच मिनिटांत चकाकी येते. बाळंतिणीला, तान्ह्याला, आजाऱ्याला आपण हेच देतो. तुमच्या लेकीलाही पाठवा थोडं.

मी वाटीने मोजते. ग्रॅम तुम्ही काढा.


रात्रपाळी:

काका, डार्क चॉकलेटचे दोन तुकडे. भांडं नाही, गॅस नाही. विषय संपला.


बागवाला निफाड:

काय भो, नाशकात मार्च महिन्यात बसून विचारताय गोड काय खाऊ? आमच्याकडे द्राक्षाच्या बागा चालू आहेत ना.

थॉमसन नाही तर सोनाका घ्या, घड नको, सुटे मणी घ्या. पेटी भरताना घडातून गळतात, गाडीवर निम्म्या भावात मिळतात आणि चवीला तेच असतात, उलट पिकलेले असतात म्हणून तर गळतात. दोन-तीन पाण्यांतून धुवा, मग फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. हे चुकवू नका, ओले ठेवले तर बर्फाचा एकच गठ्ठा होतो. ताटलीत एक थर लावून चार तास फ्रीझरला. मग डब्यात भरा. रात्री दहा-बारा मणी वाटीत काढायचे आणि एकेक चघळायचा. आतला गर बर्फाच्या गोळ्यासारखा रवाळ होतो, साल कुरकुरते. माझा मुलगा याला कुल्फी म्हणतो. लहान पोरांना मात्र अख्खा मणी देऊ नका, घशात अडकतो. उभा चिरून द्या.

आता खरं तेही सांगतो. द्राक्ष म्हणजे नुसतं पाणी, कितीही खा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आम्ही तोडणीआधी मीटर लावून ब्रिक्स बघतो. १६ ते १८ आला की माल उतरवायचा. म्हणजे शंभर ग्रॅम रसात १६-१८ ग्रॅम विरघळलेला ऐवज, आणि त्यातली बहुतेक साखरच. हलकं यासाठी की त्यात तूप नाही, खवा नाही, आणि गार असल्याने पटापट खाता येत नाही. किलोभर घेऊन बसलात तर द्राक्षही सोडणार नाही.

बेदाण्याचं याहून वाईट. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. खिरीत मूठभर टाकताना हा हिशोब डोक्यात ठेवा. पाच-सहा बास.


वैद्यांचा शेजारी:

माई, दूध आणि केळं हा विरुद्ध आहार आहे. आमच्या शेजारचे वैद्य तर शिकरण हा शब्दही उच्चारू देत नाहीत. रात्री तर अजिबात नको, कफ होतो.


माई पंचवटी:

बरोबर असेल बाबा. ज्यांना बाधतं त्यांनी केळं आधी खावं आणि दूध उद्या प्यावं. आमच्या घरी सासूबाई ब्याण्णव वर्षं शिकरण खाऊन गेल्या.


ऋतुजा ना. रोड:

मी अन्नतंत्र शिकलेय, तीन वर्षं डेअरीत होते, आता घरीच लहान मुलांसाठी डबे करते. काकांच्या पहिल्या दोन अपघातांचं कारण सांगते, केकवर मी काही बोलू शकत नाही.

गूळ थोडा आंबट असतो, म्हणजे चवीला कळत नाही इतका. दूध गरम असलं की तेवढी आंबटाई त्याला पुरते आणि ते फाटतं. गूळ जुना, काळपट असेल तर हमखास. म्हणून खीर शिजली की गॅस बंद, भांडं खाली, बोट सोसेल इतकं निवू द्या, मग किसलेला गूळ. नंतर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. आणि एक गैरसमज: गूळ घातला म्हणून पदार्थ हलका होत नाही. शंभर ग्रॅमला साखर देते साधारण ४०० कॅलरी, गूळ ३८० च्या आसपास. फरक चवीचा आहे, आणि ती चव मला आवडते, एवढंच. सुधारस, साखरेत घोळवलेला आवळा वगैरेंचंही तसंच. तूप नाही म्हणून पोटाला हलकं वाटतं, पण आहे तो पाकच.

चायनाग्रास: लिटरला १० ग्रॅम घातलं तर सुरीने कापता येईल अशी वडी होते. काकांनी बरोबर दुप्पट घातलं! चमच्याने खायचं, थरथरणारं हवं असेल तर अर्ध्या लिटरला ३ ग्रॅम पुष्कळ. आधी कात्रीने बारीक कापून अर्धा तास पाण्यात भिजवा, मग थोड्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, तार दिसायला नको. मग ते पाणी कोमट दुधात किंवा रसात ओता. रस आंबट असेल तर चायनाग्रास त्याच्यातच उकळू नका, आंबटात उकळलं की नीट धरत नाही. आणि रस फ्रिजमधून काढून थंडगार ओतू नका, चाळीस अंशांच्या खाली गेलं की ते जमायला लागतं, गाठी होतात. एकदा जमलं की मात्र पंच्याऐंशी अंशांपर्यंत विरघळत नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या उन्हातही टेबलावर उभं राहतं. समुद्री शेवाळाचं असल्याने उपासालाही बरेच जण खातात.

निफाडच्या दादांच्या मण्यांना जोड म्हणून: काळी शरद द्राक्षं घ्या, अर्धा किलो. पातेल्यात हाताने चुरडा, मंद गॅसवर पाच मिनिटं, सालीचा रंग उतरला की गाळा. तीनशे मिली तरी रस निघतो. त्यात चायनाग्रासचं पाणी, अर्धं लिंबू, बस. वरून साखर शून्य. रंग असा येतो की पाहुणे विचारतात कुठून आणलं.

आणखी एक, फार गार पदार्थात जिभेला गोड कमी कळतं. म्हणून आइस्क्रीममध्ये साखर ठासून भरावी लागते, वितळलेलं चाखून बघा, गोडमिट्ट लागेल. त्यामुळे कमी साखरेचं काहीही करा, खाण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा. वेलची, जायफळ, केशर यांच्या वासानेही आहे तेवढीच साखर जास्त वाटते. फुकटची युक्ती आहे, वापरा.

माईंच्या चक्क्यात न शिजवलेलं अननस किंवा किवी घालू नका, दह्यातली प्रथिनं तुटून कडू होतं. अननस दोन मिनिटं शिजवून घेतलं तर चालतं. सध्या सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेऱ्या शेवटच्या टप्प्यात आहेत, त्या घ्या.


रात्रपाळी:

चॉकलेटवर कुणीच बोललं नाही.


सातपूरकर:

रात्रपाळी, दोन तुकड्यांवर थांबणारा माणूस तुमच्या घरी असेल. इथे मी आहे.

मंडळी, दहा दिवसांचा रिपोर्ट देतो.

माईंचं दही. गाईचं दूध अर्धा लिटर, सकाळी आठला विरजण, दोनला लागलं. पंच्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं, खाली पातेलं. तीन तासांत २१५ ग्रॅम पाणी खाली आलं, वर २८० ग्रॅम उरलं. सत्तर-सत्तरच्या चार वाट्या. सपाट चमचा साखर माझ्या काट्यावर ४ ग्रॅम भरते, म्हणजे वाटीला ८ ग्रॅम. सत्तर ग्रॅम श्रीखंडात पस्तीस असती. चौथ्या हिश्श्याहून कमी, आणि खरं सांगतो, मला कळलं नाही. म्हणजे पहिल्या घासाला कळलं, तिसऱ्या घासाला नाही. खाली आलेलं पाणी टाकलं नाही, त्यात कणीक भिजवली. पोळ्या मऊ झाल्या, आकार सुधारला नाही.

एक चूक केली. पहिल्या दिवशी चारही वाट्यांत द्राक्षं चिरून घालून ठेवली. दुसऱ्या रात्री वाटीत तळं. आता फळ ऐनवेळी घालतो.

काळ्या द्राक्षांची जेली पहिल्याच फटक्यात जमली. ३ ग्रॅम तोलायला माझा काटा नीट धरेना, म्हणून पाकीट कापून १० ग्रॅमचे तीन सारखे ढीग केले आणि एक ढीग घेतला. कंपनीत याला आम्ही जुगाड म्हणायचो आणि पकडला की रिजेक्ट करायचो. वाटी हलवली की थरथरते, उपडी केली की उसळत नाही. वॉचमनच्या मुलीने दोन वाट्या संपवल्या.

गोठवलेले मणी: फार धोकादायक. बारा म्हणून बसतो आणि मॅच संपेपर्यंत डबा. आता मोजून वाटीत काढतो आणि डबा परत ठेवल्याशिवाय खुर्चीत बसत नाही.

सत्त्व बुधवारी बाजारातून नागली आणून सुरू केलं. मोड छान आले. गाळताना अर्धं ओट्यावर गेलं, वाळवताना एका कबुतराने ताटात पाय ठेवला, तेवढा भाग काढून टाकला. शेवटी ९० ग्रॅम हाती आलं. खीर दोनदा केली. पहिल्यांदा फोन आला, हात थांबला, गुठळ्या झाल्या, गाळणीतून काढून तशीच प्यालो. दुसऱ्यांदा फोन बंद ठेवला. १२ ग्रॅम सत्त्व, पाऊण कप दूध, अर्धा कप पाणी, निवल्यावर १० ग्रॅम गूळ. फाटली नाही! चमच्याच्या पाठीला रेशमासारखा थर चढतो, तोंडात भाजलेल्या धान्याचा वास राहतो. या सगळ्यांत झोप कशाने चांगली लागली विचाराल तर हिने. बाकीचे खाऊन झाले की मी अजून काहीतरी शोधत डबे उघडतो, खीर प्यालो की उठून दिवा बंद करतो.

शिकरण अजून केली नाही. वैद्यबुवांमुळे नव्हे, केळी आणली की सकाळीच संपतात.


माई पंचवटी:

वा भाऊ. कबुतराचं वाचून हसू आलं. ताटावर पातळ ओढणी बांधायची असते, ते सांगायचं राहिलं माझ्याकडून. आणि सत्त्व काचेच्या बरणीत ठेवा, तमालपत्राचं एक पान टाकून.


सातपूरकर:

माई, अजून एक विचारायचंय, जरा नाजूक आहे. काल सौ.ला व्हिडिओ कॉलवर नळाला टांगलेलं दही दाखवलं. कौतुक होईल अशी अपेक्षा होती. ती दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "अहो, तो पंचा कुठून घेतलात?" मी म्हटलं, कपाटातून, वरच्या कप्प्यात धुतलेला होता. तो तिचा देवाचं पुसायचा निघाला. त्याला आता दह्याचा वास आहे, दोनदा साबणाने धुतला तरी जात नाही. ती पंधरा दिवसांनी येतेय. काय करू?


माई पंचवटी:

कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर बुडवा. सकाळी पिळून कडक उन्हात, सावलीत नको. गरम पाणी घेऊ नका, दुधाचा अंश धाग्यात धरतो. वास गेला तरी तो आता दह्यासाठीच ठेवा, देवाला नको. मेन रोडला जाऊन दोन नवे पंचे आणा, एकदा धुऊन, नीट घडी करून त्याच वरच्या कप्प्यात ठेवा. आणि ती आली की पहिल्या रात्री तिच्या हातात सत्त्वाची खीर द्या, पंच्याचा विषय तिने काढायच्या आधी.